गाऱ्हाण्याची कॅसेट

मित्रांनो, माझ्या कडेला चिकटपट्टीचा एक पिवळा पडलेला तुकडा होता. आता तो नाही, पण त्याचा डाग आहे. तुम्ही मला हातात घेतलेत तर आधी तो डागच तुमच्या बोटाला लागेल. म्हणून मीच आधी सांगून टाकते. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि मला जे जपायला दिले होते, ते मी जपले नाही.

मी जन्मले एका मोठ्या कारखान्यात, हजारो बहिणींबरोबर. काळी प्लास्टिकची डबी, आत दोन चकत्या आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. १९९९ साली मी एका खोक्यातून मालवणला आले, दत्तप्रसादच्या व्हिडिओच्या दुकानात. दुकान बंदराच्या रस्त्याला होते. दारातून समुद्र दिसायचा आणि त्याची खारी हवा आत यायची. ही हवा आम्हा कॅसेटींना मुळीच मानवत नाही, पण पहिल्या दिवसांत मी इतकी खुशीत होते की मला त्याचे काही वाटले नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला टीव्हीवाले मालवणच्या किनाऱ्यावर आले होते. समुद्राला नारळ द्यायच्या आधी गाऱ्हाणे घालतात. म्हणजे एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, देवाकडे मागणे मागतो, आणि त्याच्या प्रत्येक बोलण्याला जमलेली माणसे "होय म्हाराजा" म्हणून साथ देतात. हा मान काशीरामचा होता. काशीराम होडीवर मासे मारायचा. एरवी तो दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप. पण गाऱ्हाणे घालायला उभा राहिला की त्याचा आवाज लाटांच्या वर जायचा. ते गाऱ्हाणे त्याच्या आजोबांपासून तोंडी चालत आले होते. कुठे लिहिलेले नव्हते.

महिन्याभराने तो कार्यक्रम टीव्हीवर लागला. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि गाऱ्हाणे अगदी शेवटी. दत्तप्रसादच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काशीरामची बायको गोदूबाई मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून आत येऊन बसली होती. दत्तप्रसादने मला कोरी असतानाच खोक्यातून काढले, यंत्रात घातले आणि बटण दाबले. काशीरामचा आवाज माझ्या फितीवर उतरला. कार्यक्रम संपल्यावर दत्तप्रसादने माझ्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मुद्दाम मोडली. ती मोडली की आमच्यावर दुसरे काही टिपता येत नाही. मग त्याने माझ्या अंगावर लिहिले, 'काशीराम, गाऱ्हाणे', आणि मला वरच्या फळीवर ठेवले.

"हिका कोणी हात लावूचो नाय," तो म्हणाला.

मला काय गर्व झाला म्हणून सांगू! शेजारच्या सिनेमाच्या कॅसेटी गावभर फिरून यायच्या आणि मी त्यांच्याकडे नाक वर करून बघायचे. माझ्या पोटात देवाशी बोललेले शब्द होते ना.

दोन वर्षांनी दत्तप्रसादचे लग्न झाले. त्याची बायको रूपाली साताऱ्याकडची. स्वभावाने चांगली, हाताने चलाख, पण मासळीपुढे तिची अगदी फजिती व्हायची. सासू काही बोलायची नाही, नुसती ताटातला बांगडा इकडून तिकडे सरकवायची. ते बोलण्यापेक्षा वाईट. रूपालीला वाटे, आपल्याला एकदा तरी चांगले तिखले, म्हणजे मासळीचे झणझणीत कालवण, जमावे.

एका दुपारी टीव्हीवर बांगड्याचे तिखले दाखवणार होते. दत्तप्रसाद कुडाळच्या बाजाराला गेला होता. कार्यक्रम टिपून ठेवावा आणि पुन्हा पुन्हा बघून शिकावे, असे रूपालीने ठरवले. कोरी कॅसेट एकही नव्हती. गिऱ्हाइकांनी तक्रार करून परत आणलेल्या कॅसेटी दत्तप्रसाद पुसून पुन्हा वापरायचा, हे तिला ठाऊक होते. ती तशी एखादी शोधू लागली आणि तिची नजर माझ्यावर पडली. काशीराम, गाऱ्हाणे.

मित्रांनो, घाटावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. देवाकडचे मागणे नव्हे, नुसती तक्रार. रूपालीने सरळ वाचले की काशीराम नावाच्या गिऱ्हाइकाची या कॅसेटीबद्दल तक्रार आहे. तिने मला खाली काढले. माझी मोडलेली पट्टी तिने पाहिली, पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की काम होते, हे नवऱ्यानेच तिला शिकवले होते. तिने तुकडा कापून नीट चिकटवला आणि मला यंत्रात सरकवले.

मी काय केले? काहीच केले नाही. फीत अडकवून मी यंत्र बंद पाडू शकले असते, आम्ही ते एरवी उगाच करतो. त्या दिवशी मात्र मी गुळगुळीत चालले. काशीरामची होडी गेली, किनारा गेला, नारळ गेला, आणि त्या जागी एक बाई खोबरे वाटू लागली. गाऱ्हाणे संपत आले होते, एवढ्यात वीज गेली. शेवटचा अगदी थोडा भाग तेवढा माझ्या पोटात राहिला. हे मला ठाऊक होते, दुसऱ्या कोणालाही नाही.

पुढच्या वर्षी, २००२ साली, काशीरामला झटका आला. हातपाय थोडे सावरले, पण वाचा गेली. नारळी पौर्णिमा जवळ आली. गाऱ्हाणे कोणालाच पुरते येत नव्हते. तेव्हा गोदूबाई नवऱ्याचा हात धरून दुकानात आली.

"दत्तप्रसाद, ती कॅसेट लाव रे," ती म्हणाली. "ह्येंका ह्येंचोच आवाज आयकवूया. आयकान तरी तोंड उघडतीत."

काशीरामला खुर्चीत बसवले. त्याने उजवा लुळा हात डाव्या हाताने मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिला. दत्तप्रसादने मला वरच्या फळीवरून काढले. चिकटपट्टी त्याच्या बोटाला लागली आणि त्याचा चेहरा उतरला, पण माणसे समोर होती. त्याने मला यंत्रात घातले. पडद्यावर ती बाई आली आणि गोड आवाजात म्हणाली, आज आपण बांगड्याचे तिखले करणार आहोत.

ज्याने जन्मभर बांगडे मारले, त्याला मी बांगडे कसे धुवावेत ते सांगत होते. दत्तप्रसादने मला घाईने पुढे पळवले. पुढे तीच बाई. आणखी पळवले, तरी तीच बाई. शेवटापर्यंत जायचा धीर त्याला झाला नाही. त्याने मला बाहेर ओढले. मला ओरडून सांगायचे होते की थांबा, थोडे उरले आहे. पण मी पडले कॅसेट, यंत्राशिवाय मुकी. काशीराम माझ्याकडे बघत होता आणि तोही मुका. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसले असते. तो फक्त वाट बघत होता.

"यंत्र बिघडला, काकी," दत्तप्रसाद खाली बघत म्हणाला. "आपसूकच पुसला गेला."

रूपाली आतल्या दारात उभी होती. गाऱ्हाणे म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी कळले. तिने पदर तोंडाला लावला.

दत्तप्रसादने टीव्हीच्या कचेरीला पत्र लिहिले. तिकडून उत्तर आले की जुन्या फिती आम्ही पुन्हा वापरतो, तो कार्यक्रम आता नाही. शहरातल्या माझ्या थोरल्या बहिणींनीही तेच केले होते. तेवढ्याने माझी लाज कमी झाली नाही. पुढच्या वर्षी काशीराम गेला. तेव्हापासून किनाऱ्यावर कोणीतरी चार वाक्यांचे गाऱ्हाणे घालतो आणि लोक घाईने "होय म्हाराजा" म्हणतात.

रूपालीने मला टाकले नाही. ब्लाऊजच्या कापडात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवले. तिथे आठ वर्षे माझ्या फितीवर पांढरी बुरशी चढत गेली. कधीतरी ट्रंक उघडायची, तिचा हात मला लागायचा आणि चटकन मागे जायचा. आम्ही दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होतो.

२०१० साल उजाडले. दत्तप्रसादच्या दुकानात आता मोबाइल आणि झेरॉक्स होते. काशीरामची नात रिया कुडाळच्या कॉलेजात शिकत होती. तिथल्या इंटरनेटच्या दुकानात बसून ती आजोबांचा आवाज शोधायची. एक दिवस तिला नाव सापडले, 'मालवण नारळी पौर्णिमा, काशीराम यांचे गाऱ्हाणे'. तिने दाबले तर काळा चौकोन आणि खाली एक ओळ. हा व्हिडिओ काढून टाकलेला आहे. रियाने तो इंटरनेटवर लावणाऱ्या माणसाला लिहिले, आणि गावातली कॅसेट पुसली गेली हेही कळवले. तो मूळचा मालवणचा, मुंबईत राहणारा. महिन्याने त्याचे उत्तर आले. वर्षभरात अकरा जणांनी पाहिला, म्हणून काढला, आता माझ्याकडेही नाही, मला माफ करा. खाली त्याने आणखी एक वाक्य लिहिले होते. पुसलेली कॅसेट असेल तर शेवटपर्यंत बघा, कधी कधी शेपूट उरते.

रिया आजीला घेऊन दुकानात आली.

"ती कॅसेट आता खंयची गो," दत्तप्रसाद म्हणाला. "कधीच गेली ती."

रूपाली आत गेली आणि कापडाची गुंडाळी घेऊन आली. दत्तप्रसाद बघतच राहिला.

कुडाळला बाबली नावाचा फोटोग्राफर लग्नाच्या जुन्या कॅसेटींच्या सीडी करून देत असे. त्याच्याकडे यंत्र होते, म्हणून मला तिथे नेले. त्याने माझे स्क्रू काढले, मला उघडले आणि कापसाच्या बोळ्याने माझी बुरशी पुसली. कितीतरी वेळ तो हळूहळू फीत फिरवत होता.

"पळवूक मिळाचा नाय, तुटात," तो म्हणाला. "सुरवातीपासून बघूक लागतला."

म्हणून गोदूबाई, रिया आणि रूपाली तिघी बाकावर बसल्या आणि मी त्यांना पहिल्यापासून बांगड्याचे तिखले दाखवू लागले. लाजेने फीत वितळायची असती तर तेव्हाच वितळली असती. गोदूबाई गंभीरपणे बघत होती.

"तिरफळा घालूक नाय हिणा," ती मध्येच म्हणाली. तिरफळाच्या मसाल्याशिवाय तिखले तिला ठाऊकच नव्हते. रिया हसली. रूपाली हसली नाही.

मग ती बाई गेली. पडद्यावर पावसासारखे ठिपके आले, आणि त्यातून एक सदरा, एक हात, हातातला नारळ. काशीराम. आवाज चिरका झाला होता, पण त्याचाच होता.

"...आणि लेकरांच्या हातसून काय चुकला माकला असात, तर ता पोटात घाल, आणि सगळ्यांका सांभाळून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," माझ्यातून शेकडो माणसे म्हणाली आणि पडदा निळा झाला.

एवढेच. सगळ्या गाऱ्हाण्यातले एक वाक्य. गोदूबाई पदराने डोळे पुसत होती. बाबलीने सांगितले की कॉम्प्युटरात उतरून झाले आहे. तेव्हा रूपाली उठून गोदूबाईसमोर उभी राहिली.

"काकी, यंत्र नव्हते बिघडले. मी पुसले. गाऱ्हाणे म्हणजे मला तक्रार वाटली. काशीरामदाजी समोर बसले होते, तेव्हाच सांगायला हवे होते. माझी जीभच उचलली नाही."

गोदूबाईने डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"म्हणान तू माझ्याकडसून मासे घेणा बंद केलंस?" तिने विचारले. "आठ वरसां माझ्या टोपलेकडे बघूक नाय. माका वाटला, माझी मासळी तुका वायट लागता."

रूपालीला रडू कोसळले. रियाने मान फिरवली. गोदूबाईने रूपालीला हाताला धरून शेजारी बसवले आणि ती बाबलीला म्हणाली, "शेवटचा परत लाव रे. एकदाच."

बाबलीने मला हलक्या हाताने मागे घेतले. मी सगळा जीव एकवटला. काशीराम पुन्हा म्हणाला, काय चुकला माकला असात, तर ता पोटात घाल. त्याचे वाक्य पुरे झाले, तेव्हा गोदूबाईचा हात रूपालीच्या हातावर होता, आणि माझ्यातली माणसे बोलायच्या आधी ती एकटीच म्हणाली, "होय म्हाराजा."

मित्रांनो, तुमच्याही घरात, मोबाइलमध्ये कोणाचा तरी आवाज असेल. जागा हवी म्हणून तो पुसण्याआधी शेवटपर्यंत ऐका. त्याच्यावर नाव लिहाल ते असे लिहा, की परक्या गावच्या माणसालाही कळेल. आणि एवढे करूनही चूक झालीच, तर ती ट्रंकेत ठेवू नका. तिथे फक्त बुरशी चढते.

आता मी रियाच्या घरी देवाच्या फळीवर असते. माझ्या कडेची चिकटपट्टी रूपालीने स्वतःच्या नखाने खरवडून काढली. जुन्या नावाखाली तिने नवे लेबल चिकटवले आणि दोन्हीकडच्या माणसांना समजेल असे लिहिले: 'काशीरामदाजींचे गाऱ्हाणे. ही तक्रार नाही, मागणे आहे. एकच वाक्य उरले आहे. पुसू नये.'