तहानलेला डोंगर

खाणीच्या माथ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सुरुंगवाले, ट्रकवाले, त्यांची बायकापोरं, झाडून सगळी जमली होती. मधोमध खडी पसरून केलेल्या ओट्याजवळ डोंगरबाबा उभे होते आणि टँकरच्या पाइपातून त्या खडीवर पाणी सोडत होते. पाणी धो धो पडत होतं, पण एक ओघळ बाहेर येत नव्हता. सगळं पाणी डोंगर पीत होता.

"तहानलाय बिचारा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "इतकी वर्षं त्याला फोडलंत. कधी पाणी विचारलंत? तहान भागली की तो लेकरांच्या अंगावर पडायचा नाही."

लोकांनी माना डोलावल्या. आधी घागर होती, मग पिंप आलं, आता टँकर. डोंगराची तहान वाढत होती आणि बाबांची कीर्तीही.

मुकादमाने बाजूच्या उघड्या खडकावर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ते वाहत येऊन त्याच्याच चपलेत शिरलं.

"तुझ्या हातचं घेत नाही तो," बाबा म्हणाले. मिटलेल्या डोळ्यांना बरंच दिसत होतं. लोक हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो मुकादमाचा मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. खाणीत ड्रिल मशीन तोच चालवायचा.

मागच्याच महिन्यात खडक तपासणाऱ्या बाई येऊन गेल्या होत्या. कड्याचे थर खाणीच्या पोटाकडे उतरते आहेत, पायथ्याचा दगड काढत राहिलात तर वरचा कडा घसरेल, असं त्यांनी मोजमाप करून सांगितलं होतं. आधी माथ्यावरून कड्याला पायऱ्या पाडत खाली या, तोवर पायथ्याचं काम बंद. मालकाने काम बंद केलं खरं, पण पायऱ्या पाडायच्या म्हणजे कित्येक महिने विकाऊ दगड हाती लागणार नव्हता. तेवढ्यात त्याला बाबा भेटले. बाबांना पायऱ्या लागत नव्हत्या, पाण्यावर भागत होतं.

आज टँकर रिकामा झाला की काम पुन्हा सुरू व्हायचं होतं. पायथ्याशी पहिलं भोक मारायचा मान मेहुण्याचा.

"दाजी, डोळ्यांनी बघताय तरी पटत नाही तुम्हाला?" तो म्हणाला.

"पटतंय की. पाणी आत जातंय. पुढे कुठे जातंय?"

"डोंगराच्या पोटात."

"आणि पायथ्याशी ओल सुटलीय ती?"

"आनंदाश्रू आहेत ते. कालच सांगितलं बाबांनी."

"उद्या तुझी बहीण विचारील, माझा भाऊ कुठाय, तर तिला ते आनंदाश्रू दाखवू का?"

मुकादमाने बाईंना आधीच फोन केला होता. त्या चढ चढून आल्या, खडीचा ओटा पाहिला आणि पहिल्यांदा सगळ्यांना कडेपासून लांब मागे हटवलं. मग त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली.

"बाबा, तुमच्या डोंगराला हिरवं पाणी चालेल का?"

एवढी गर्दी बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. "त्याला सगळं चालतं," बाबा म्हणाले आणि हात दाखवून अवलक्षण करून बसले.

टँकरच्या तळाच्या पाण्यात रंग मिसळला. बाबांनी स्वतः ते ओतलं, डोंगर तेही गटागटा प्यायला, टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "चला खाली. पण समोरच्या बाजूला उभे राहा, कड्याखाली कुणी जायचं नाही."

खाली ट्रकवाल्यांचा चहा संपतो न संपतो तोच कड्याच्या पायथ्याजवळ, दोन थरांच्या मधून, एक हिरवी धार उतरली. शेजारी दुसरी. मग पुरुषभर लांबीचा सगळा थरच हिरवा गळायला लागला, आणि पाण्याबरोबर चिकणमाती येऊ लागली. त्याच्या बरोब्बर खाली मेहुण्याचं मशीन उभं होतं.

"डोंगराने विष बाहेर टाकलं," बाबा लगबगीने म्हणाले.

"त्या खडीखाली भेग असली पाहिजे," बाई म्हणाल्या.

मेहुणा खाली बघत बोलला, "आहे. खडी मीच टाकली. बाबा म्हणाले, डोंगराचं तोंड उघडं राहू देऊ नये. पण तेव्हा ती भेग एवढीशी होती, त्यात बोटही जात नव्हतं."

बाईंनी दोघांना पुन्हा माथ्यावर पाठवून मागच्या बाजूने लांब दांड्याच्या फावड्याने खडी ओढायला लावली. खाली परत येऊन ते म्हणाले, भेगेत आता आख्खा हात जाईल.

"थरांमध्ये चिकणमाती आहे," बाई म्हणाल्या. "ओल्या फरशीवर साबण सांडला की पाय जातो ना, तसा हा कडा जाणार. वर भेगेत तुंबलेलं पाणी त्याला मागून रेटतंय. तुम्ही त्याची तहान भागवत नव्हता. ढकलत होता."

मालक पुटपुटला, "पण बाबांनी शब्द दिलाय."

"मग बाबांचं आसन पायथ्याशी मांडू," मुकादम म्हणाला. "ते बसले की आम्ही ड्रिल चालू करतो."

"आमची साधना माथ्यावरची आहे," बाबा म्हणाले.

"दुरून डोंगर साजरे," एक ट्रकवाला म्हणाला, आणि या वेळी लोक भलत्याच माणसाला हसले नाहीत.

तेवढ्यात वरून बारीक खडे गळायला लागले. मेहुणा मशीन काढायला धावला. मुकादमाने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं आणि दोघेही धुळीत आपटले. कडा काही क्षण तसाच उभा राहिला, मग खाली बसल्यासारखा सरकत आला. आवाज थांबला तेव्हा मशीन कुठे होतं तेही कळेना.

धूळ खाली बसायच्या आत बाबांचा गळा मोकळा झाला. "पाहिलंत? तुम्ही सगळे बाजूला होईपर्यंत मीच त्याला धरून ठेवला होता."

दोन-तीन जणांचे हात पुन्हा जोडले गेले. डोंगर कोसळला तरी काहींची श्रद्धा कोसळत नाही.

मेहुणा कपडे न झटकताच उठला. "धरता येत होता, तर आणखी थोडा वेळ धरायचात की, बाबा. मी मशीन काढलं असतं."

जोडलेले हात हळूच खिशात गेले. बाबा रिकाम्या टँकरमध्ये बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मालकाने माथ्यावरून पहिली पायरी पाडायला घेतली. खाली दुसरं काही उरलंच नव्हतं.

डोंगराला तहान लागत नाही. त्याला वजन असतं आणि उतार असतो, आणि तो किती ते मोजता येतं. मोजायला अक्कल लागते, पण मोजणाऱ्याचं ऐकायला तेवढीही लागत नाही. कुणी चमत्कार दाखवू लागला तर हात जोडायची घाई करू नका. त्याने काय झाकून ठेवलंय ते आधी उघडून बघा. तो उघडू देत नसेल, तर आपल्या माणसांना तिथून बाहेर काढा.