मनकर्णाबाईचा अंगठा

वडनेर भोलजीत कुणाची बोंबी, म्हणजे बेंबी, सरकली, की माणूस दवाखान्याआधी मनकर्णाबाईचं दार वाजवायचा. उताणं निजवायचं, तेल लावायचं आणि बोंबीच्या कडेला अंगठा असा रोवायचा, की दांडगा गडीही आईच्या नावानं हंबरावा. चाळीस वर्षं तिनं गावाची पोटं बसवली. कुणी पाया पडलं तर म्हणायची, "पाया नको पडू, ओझं उचलतांनी अक्कल वापर."

एकच पोट तिला नडलं, तेही घरातलं. सून अश्विनीच्या अंडाशयावर पाण्याच्या गाठी धरत. कॅन्सर-बिन्सर काही नाही. धरायच्या, विरायच्या, पुन्हा धरायच्या. गेल्या वर्षी पोळ्याला कळ उठली, तेव्हा मनकर्णाबाईनं अंगठा रोवला आणि आत काहीतरी पिकल्या टमाट्यासारखं फसकन बसलं. पोटात रक्त साचलं. खामगावच्या डॉक्टरांनी डावं अंडाशय काढून टाकलं. "गाठ आपोआप फुटली," असं मनकर्णाबाईनं साऱ्या गावाला सांगितलं. अंगठ्याला काय कळलं होतं, ते मात्र गिळून टाकलं.

आता गाठ उजवीकडे होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हीही विरेल, पण पोट कुणाला दाबू देऊ नका. हे अंडाशय गेलं तर लेकरू विसरा.

सोयाबीनच्या काढणीत, भर दुपारी, अश्विनी पोट धरून ओसरीत बसली. शेजारच्या दोघी आल्याच. "काय वं मनकर्णाबाई, गावाच्या बोंब्या बसवता, अन घरची तशीच?"

बोल जिव्हारी लागला. तिनं लेकाला हाकारलं. "गणेश, पाय धर तिचे!"

"आत्याबाई, नका," अश्विनीनं हात जोडले.

"तोंड मिट. मले शिकवते का?"

गणेशनं बायकोचे पाय दाबले, दोघींनी हात. अश्विनीनं लाथ हाणली. नवऱ्याचा ओठ फाटला. त्यानं तिच्या कानशिलात दोन ठेवून दिल्या. तेलाचा अंगठा पोटाला टेकला, तशी ती शेजारणीच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. ते पाहून दुसरीनंही हात सोडला. अश्विनीनं दोन्ही मुठींत सासूचा अंगठा धरला आणि उलटा मोडला. काडकन.

"मांगच्या बारीले याच अंगठ्यानं फोडली तुमी! तुमाले मालूम हाय!"

"आईवर हात टाकते?" गणेशनं दाराआडची काठी उचलली. "आज जित्ती नाई सोडत."

मनकर्णाबाईला वाटलं, हाणू दे. चांगल्या चार हाणू दे. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते.

अश्विनी पळाली नाही. गुडघे पोटाशी घेऊन तिनं नवऱ्याकडं पाठ केली. "मार. पाठीत मार. पोटाले नको लागू देऊ."

काठी खाली येणार, तोच मनकर्णाबाईनं डाव्या हातानं ती हिसकली आणि लेकाच्याच पोटरीवर ओढली.

"सरक बे! खरं बोलून राह्यली ते. मीच फोडली होती."

"बाई, काय बोलता!" शेजारीण म्हणाली.

"बहिरी हायेस का? मीच फोडली. जा, सांग गावात. नाई तरी दुसरं काम काय हाय तुले?" मग लेकाकडं वळून, "गाडी काढ. खामगावले."

"अंगठा लय सुजला का?"

"अंगठा घाल चुलीत. तिचं पोट दाखवाचं हाय आधी. मांगं तिले लांब निजू दे. अन गाडी खड्ड्यात आदळली, तं ह्याच काठीनं टाळकं फोडीन."

तिनं चांगला हात पुढं केला. अश्विनीनं तो घेतला नाही. ती भिंतीला धरून उठली.