मंगलाष्टकातले एक नाव

आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या मंगलाष्टका मी रचल्या आहेत आणि आंतरपाटापाशी उभे राहून मीच म्हटल्या आहेत. त्यांतले एक कडवे आईचे असते. ही रीत सासूबाईंपासून चालत आली. माझी नात श्रिया हिच्या लग्नासाठी ते कडवे ऋजुताच्या नावाने बांधले होते. ऋजुता म्हणजे माझ्या मुकुलची पहिली पत्नी. श्रिया नीट बोलूही लागली नव्हती, तेव्हा ऋजुता गेली. पुढे प्रमोदिनी या घरात आली आणि तिने श्रियाला पोटच्या मुलीसारखे वाढवले, हे मी चारचौघांत सांगते. परंतु जिने जन्म दिला तिचे नाव मुहूर्ताच्या वेळी उच्चारले जावे, एवढीच माझी इच्छा होती.

लग्नाच्या आधी एका दुपारी मुकुल माझ्या खोलीत आला. बाळकुमच्या या उंच इमारतीतल्या घरात राहायला आल्यापासून तो माझ्या खोलीत सहसा बसत नाही. त्या दिवशी बसला, तेव्हाच मी सावध झाले.

“आई, या वेळी मंगलाष्टका गुरुजीच म्हणतील. दोनच. मग पुढचं नयन सांभाळेल.”

“कोण नयन?”

“अँकर आहे. इंग्लिश, उर्दू, सगळं फर्डं बोलतो. साकेतच्या ऑफिसचे लोक दिल्लीहून, लखनौहून येणार आहेत. त्यांना आपलं काय कळणार?”

“जावईबापूंच्या ऑफिसला कळावे म्हणून मी रचत नाही. एकच कडवे म्हणेन. ऋजुताचे.”

तो खिडकीबाहेर पाहू लागला. “आनंदाच्या दिवशी गेलेल्या माणसाचं नाव कशाला? वातावरण जड होतं. शिवाय प्रमोदिनीला काय वाटेल?”

प्रमोदिनी दारातच उभी होती. “मला काही वाटणार नाही. म्हणू द्या ना आईंना.”

“तू मध्ये पडू नकोस गं,” मुकुल म्हणाला आणि उठला. विषय त्याच्यापुरता संपला.

मानपाड्याच्या मंगल कार्यालयात आंतरपाट धरला गेला. मूठभर अक्षता घेऊन मी खुर्चीवर बसले होते आणि मनातल्या मनात म्हणत होते:

‘माता ही ऋजुता उभी शिरि तुझ्या ठेवी कृपेचा कर’

पुढची ओळ आठवेपर्यंत गुरुजींचे आटोपले होते. हार पडले, वाजंत्री सुरू झाली. आंतरपाट खाली आला की मंगलाष्टकाला जागा उरत नाही. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या.

मग तो नयन आला. जरीचा कोट, कानाला काळी तार. “लेडीज अँड जेंटलमन, द ब्राइड इज सिंपली स्टनिंग! माशाअल्लाह, चश्मेबद्दूर!” शब्द वाईट नव्हते. ज्यांच्या घरात ते रोज बोलले जातात, त्यांच्या तोंडी ते शोभतही असतील. इथे ते मांडवाच्या खुर्च्यांबरोबर भाड्याने आले होते. वराच्या आईला त्याने चांद म्हटले, आत्यालाही चांदच म्हटले. मग तो प्रमोदिनीकडे वळला.

“और ये आँखें! बेटी हूबहू माँ की तस्वीर है! लाइक मदर, लाइक डॉटर!”

टाळ्या पडल्या. प्रमोदिनीने मान खाली घातली. मुकुल हसत राहिला. श्रिया नयनकडे पाहून म्हणाली, “थँक यू.”

मी काठी घेतली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. नयनला वाटले, हेही कार्यक्रमातच आहे. “और अब दादीजान से दुआ के दो लफ्ज!” त्याने ध्वनिक्षेपक माझ्या हाती दिला.

“मी हिची आजी,” मी म्हणाले. “हे डोळे ऋजुताचे आहेत. ऋजुता, तुझ्या मुलीचे लग्न झाले.”

श्रिया कुजबुजली, “आजी, प्लीज. आज नको ना.”

नयनने ध्वनिक्षेपक अलगद काढून घेतला. “वाह! क्या बात है! गिव्ह इट अप फॉर दादी!”

ज्यांना मराठी कळले नव्हते त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना कळले होते त्यांनी अधिक जोराने वाजवल्या.

लग्नाची चित्रफीत तयार होऊन आली, तेव्हा मुकुलने ती दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लावली. चांद आहे, चश्मेबद्दूर आहे, आईची तस्वीर तर दोनदा आहे. मग मी पायऱ्या चढताना दिसते. माझे ओठ हलतात. आवाज नाही, तिथे सनई जोडली आहे. खाली सोनेरी इंग्रजी अक्षरे: ‘दादीज ब्लेसिंग्ज’.

“किती ग्रेसफुल दिसतेयस आई!” मुकुल म्हणाला.

प्रमोदिनीने त्याच्या हातातून रिमोट घेतला. तो भाग मागे नेऊन तिने पुन्हा लावला आणि आवाज वाढवला. सनई मोठी झाली.