जुन्या आवृत्तीची राखण

आमच्या संगणक-प्रणालीचं नाव उसिपा. तळ्यातला हा बोटभर मासा कुणालाही परवडतो, म्हणून आमच्यातल्या लुसुंगूनं ते सुचवलं होतं. म्झुझू शहरातल्या एका कॉफीच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही काही जणांनी ती उभी केली. पगार नाही, मालक नाही. दान म्हणून आलेले, शेवटच्या घटका मोजणारे संगणक तिच्यावर निमूट चालायचे. आवृत्ती बाहेर पडली की पाच वर्षं तिच्या दुरुस्त्या पुरवायच्या, हा आमचा शब्द. त्याच्या भरवशावर तळ्याकाठच्या कितीतरी दवाखान्यांनी ती बसवून घेतली.

पुढे राजधानीतल्या एका कंपनीनं आमच्या वोंगानीला नोकरी दिली. काम तेच, उसिपाचं, म्झुझूत राहूनच, पण पगार घेऊन. आम्ही त्याला खांद्यावर नाचवलं. त्याच्या मागोमाग आणखी दोघं गेली, आणि बघता बघता निर्णय घेणाऱ्या आमच्या पाच जणांच्या मंडळात तिघं कंपनीची झाली. उरलो लुसुंगू आणि मी.

लुसुंगू न्यासुलू कॉलेजात गणित शिकवायची आणि संध्याकाळी जुनी आवृत्ती सांभाळायची. तिच्या भाषेत, भोकं बुजवायची.

एका शनिवारी वोंगानीनं मंडळापुढे प्रस्ताव ठेवला. पाचऐवजी दोनच वर्षं. त्यापुढच्या दुरुस्त्या हव्या असतील त्यानं कंपनीकडून विकत घ्याव्यात, नाहीतर नवी आवृत्ती बसवावी.

"हे तुझं म्हणणं, की तुझ्या साहेबांचं?" लुसुंगूनं विचारलं.

"तू असं बोलणार हे ठाऊकच होतं मला. गेल्या वर्षी जुन्या आवृत्तीवर कोण राबलं, सांग ना. तू, आणि आम्ही तिघं, तेसुद्धा कंपनीच्या वेळात. बाकीचे नुसते टाळ्या पिटायला!"

मी खाली मान घातली. टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होतो.

लुसुंगूनं मतदान पुढच्या बैठकीवर ढकलून घेतलं आणि सुट्टीत ती तळ्याकाठच्या एका दवाखान्यात गेली. तिथल्या संगणकावर तिनं नवी आवृत्ती चढवून पाहिली. पडदा उजळला आणि तसाच गोठून बसला. ताफ्वाची नावाची नर्स शेजारी उभी होती.

"अहो अमामा, हे सुरू होईतो माझं एक बाळंतपण उरकेल," ती म्हणाली. "तुमची भांडणं तुम्ही मिटवा. माझं औषधांचं पान तेवढं उघडू दे."

लुसुंगूनं जुनी आवृत्ती परत बसवून दिली.

पुढच्या बैठकीला ती भांडायच्या तयारीनं येईल असं आम्हाला वाटलं होतं. ती शांत होती.

"वोंगानी, तुझं खरं आहे. माणसंच नसतील तर पाच वर्षांचा शब्द पोकळ आहे. दोन तर दोन. पण त्यानंतर ज्यांना जुनी आवृत्ती जगवायची असेल त्यांना ती जगवू द्या, उसिपा याच नावानं. आणि किल्ली म्झुझूतच राहील."

किल्ली म्हणजे आमची मोहोर. ती उमटल्याशिवाय कुठलाच संगणक दुरुस्ती आत घेत नाही. पहिल्यापासून ती वोंगानीकडे होती.

"साहेबांनी मागितली आहे ती," तो म्हणाला.

"दिलीस?"

तो कप फिरवत राहिला. कंपनीतली दोघं त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"नाही," तो शेवटी म्हणाला, आणि तिला बहिणीच्या नात्यानं हाक मारली. "देणार नव्हतोच असं नाही, अचेम्वाली. पण अजून हात धजला नाही."

त्यानं स्वतःच्या प्रस्तावाला हात वर केला आणि मग लुसुंगूच्याही. तिचा ठराव त्या एका मतानं तरला.

कंपनीनं त्याला उसिपावरून काढून बँकेच्या कामावर टाकलं. नोकरी टिकली, पण किल्ली लुसुंगूच्या हवाली करून तो काही महिने आमच्याकडे फिरकला नाही. इकडे लुसुंगूनं दवाखान्यांना साफ सांगितलं, "दुरुस्त्या हव्यात ना? मग शिकायला माणसं पाठवा." तीन दवाखान्यांनी पाठवली. काम रखडत चालतं. एकदा आमच्याच दुरुस्तीनं सगळीकडचे प्रिंटर बंद पाडले. लुसुंगूनं प्रत्येक ठिकाणी फोन करून माफी मागितली.

त्या आठवड्यात वोंगानी खोलीत आला. बूट दाराशी काढले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

"दाखव, काय मोडलंय."

"बँक सोडलीस?"

"छे. आज शनिवार आहे."

लुसुंगूनं पडदा त्याच्याकडे वळवला.