न पडणारी कानबाई

फ्लॉपीची पत्र्याची झडप अंगठ्यानं सरकवायची, सोडायची – टक्. पुन्हा सरकवायची… आतली काळी चकती दिसते न दिसते तोच मिटते. प्रमिलाबाईंचा हा चाळा दुपारपासून चाललेला. पुण्याचा तो माणूस दुपारच्या एसटीनं गेला, आणि विकायच्या दहा खेळांच्या संचात घालायला देवपूरच्या ह्या कॉम्प्युटर क्लासमधून कुणाची तरी मोटारींची शर्यत तेवढी घेऊन गेला. प्रमिलाबाईंचा खेळ त्यांच्याच हातात राहिला.

"ताई, तुमच्या खेळात कुणी हरतच नाही," तो हसून म्हणाला होता, वाईट हेतूनं नव्हे. "हा खेळ आहे का आरती?"

खेळ तयार करायचं ते सॉफ्टवेअर क्लासच्या मगनभाऊंनी आणलं, तेव्हा सांगाडा त्यात आयताच होता. आपण चित्रं काढायची, रस्ते आखायचे, आणि कशाला काय धडकलं की काय व्हावं ते रकान्यांत भरायचं. वर्षभर धडपडून प्रमिलाबाई ते शिकल्या, आणि त्यांनी काढली कानबाई – खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, नारळाची, नथ ल्यालेली, चौरंगावर बसून एका बाईच्या डोक्यावरून पांझरा नदीकडे विसर्जनाला निघालेली. गल्लीत सायकली, बैल, खड्डे. धक्का लागला की बाई डुलायची, सावरायची, पुढं चालायची. 'तोल गेल्यास' हा रकाना त्यांनी कोराच ठेवला. देवी पाडायची – आणि तीही कुणा परक्याचं बटण चुकलं म्हणून?

"पडद्यावरच पडेल ना, ताई," मगनभाऊ दुपारी त्या माणसासमोरच कळवळून म्हणाले होते. "नाहीतर नारळाच्या जागी मडकं दाखवा. मडकं फुटल्यानं कुणाचा उपास मोडत नाही!"

"नको, भाऊ. असू द्या."

एवढंच. आपल्या त्या हळू आवाजाचा तेव्हा केवढा अभिमान वाटला होता त्यांना – आधीच श्रावणी सोमवार, निर्जळी, आणि वर हा त्याग…

आता क्लास रिकामा होता. फ्लॉपी घालून त्या स्वतःच खेळू लागल्या. पहिली गल्ली, दुसरी… तिसऱ्या गल्लीत त्यांना जांभई आली. बटण दाबलं काय, न दाबलं काय, बाई आपली चालतेच आहे! आपल्याच देवीपुढे जांभई यावी – त्या चरकल्या, आणि एकदम ते लग्नानंतरचं पहिलं वर्ष वर आलं. डोक्यावर चौरंग, मानेच्या शिरा ताणलेल्या, पायाखालचा खडा न् खडा वेगळा कळतोय, आणि ओठांवर देवीचं नाव – इतकं खरं नाव मी पुन्हा कधी घेतलं?… चार घरं गेली असतील. पाय लटपटले. मागून माझी जाऊ शेवंताबाई खिदळली, "शहरनी सून शे ती! तिना डोकावर कशी राही कानबाई!" सासूबाईंनी हात पुढं केले, "दे माले, बाई, दे."

दिली. तोल गेला नव्हता. जाईल म्हणून दिली. पुढं दरवर्षी कुणी आग्रह केला की माझं आपलं ठरलेलं – उपास आहे, चक्कर येते. माझ्या डोक्यावरून देवी कधी पडली नाही, हे खरंच. पडेल कशी?

म्हणजे दुपारी मी राखलं ते काय – तिचं देवपण, की माझे पाय?

त्यांनी तो कोरा रकाना उघडला. एकच शब्द भरायचा होता – 'पडते'. पण गेलेली एसटी काही वळणार नव्हती. बोटं तशीच राहिली. बाहेर दिवेलागण झाली, रोज ह्या वेळी त्यांचे ओठ आपसूक हलू लागत. आज हात जोडले तर काय मागावं तेच सुचेना… नुसती भीती वाटत राहिली, डोक्यावर चौरंग असतानाची तीच, आणि ती घालवावी असं काही वाटेना.