सेनापतीचा कान

मास्तर गणवेश शिवत. हॉटेलांचे दरवान, बँकांचे पहारेकरी, बँडमधले कर्णेवाले, सगळे त्यांचे गिऱ्हाईक. स्वतः त्यांनी जन्मात गणवेश घातला नव्हता, पण छाती कशी काढायची ते भल्याभल्यांना शिकवलं होतं. माप घेताना ते छातीचा आकडा एक इंच वाढवून खणखणीत आवाजात सांगत आणि कापड मात्र खऱ्या आकड्यावर कापत. त्यामुळे गिऱ्हाईकही फुगे आणि कोटही बसे. सगळा धंदा त्या एका इंचावर उभा आहे, असं त्यांची बायको म्हणे. ती दुकानात काजं-बटणं करी, आणि तिनं लावलेलं बटण कधी तुटत नसे, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं.

माणूस ओळखायची मास्तरांची रीत ठरलेली होती. दुरुस्तीला आलेली विजार ते आधी उलटी करून बघत. "बूड विरलंय," ते म्हणत, "म्हणजे हा पहारेकरी खुर्चीतला. उभा राहणाऱ्याची विजार खाली घोट्याशी झिजते."

सेनापती त्यांच्याकडे आला तो चांगला वाढलेला बोका होता. एका सकाळी दुकानात शिरला, सोनेरी गोंड्यांच्या ढिगावर बसला आणि बसूनच राहिला. करडा रंग, मानेभोवती आयाळ, मागच्या पायांना झुपकेदार केसांची ढगळ विजार. त्या विजारीच्या आत काय आहे हे मास्तरांनी कधी पाहिलं नाही. गिऱ्हाइकांचंही ते बाहेरूनच माप घेत. डाव्या कानाचं टोक मात्र उडालेलं होतं, अगदी सरळ रेषेत, आणि ते त्यांच्या डोळ्यांत पहिल्याच दिवशी भरलं.

"एका फटक्यात गेलाय," ते बायकोला म्हणाले. "याचा एवढा गेला, तर समोरच्याचं काय उरलं असेल?"

बायकोनं कान निरखला, बोक्याला उचलून एकदा उलटसुलट केलं आणि त्याच्यासाठी बशी आणायला गेली.

ते राहत ती इमारत तीन मजल्यांची, आणि मास्तर दुसऱ्या मजल्यावर. दिवसभर दुकानात झोपा काढून सेनापती संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी येई आणि दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, ठाण मांडून बसे. सकाळी बघावं तर नाकावर नवा ओरखडा, भुवईवर वाळलेलं रक्त, कधी पुढचा पंजा सुजलेला. मास्तर कापसानं जखमा पुसत आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्या पदकांसारख्या दाखवत.

त्याच सुमारास इमारतीला वास यायला लागला. बोका दाराला पिचकारी मारून गेला की जो वास राहतो, तो ज्यांनी घेतलाय त्यांना वर्णन करून सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. साबण, फिनेल, अत्तर सगळं करून झालं. अत्तरानं फक्त वासाची प्रतिष्ठा वाढली. शेवटी सोसायटीच्या चेअरमननी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दिवाणखान्यात बैठक बोलावली. विषय एकच होता, आणि तो मास्तरांच्या घरी दूध पीत होता.

बैठकीला निघताना बायको म्हणाली, "तुम्ही फार बोलू नका. एवढंच म्हणा, गॅरेजमागच्या पिवळ्या बोक्यानं केलं असेल. विषय मिटेल."

"पिवळ्यानं?" मास्तर शर्टाची कॉलर नीट करत होते. "त्याची गालफडं सुजलीत, दिसत नाही का? आजारी मांजर ते. त्याच्याच्यानं एक जिना तरी चढवेल का?"

"मी सांगते तेवढं म्हणा."

"बघतो," मास्तर म्हणाले. म्हणजे बघणार नव्हते.

दिवाणखान्यात पहिला मान तळमजल्यावरच्या केमिस्टबाईंनी घेतला. त्या औषधांचं रिकामं खोकं घेऊनच आल्या होत्या आणि खोक्यात चार पिल्लं होती. त्यांची पांढरी मांजर साखर अजून वर्षाचीही नव्हती.

"काय व्याहीबुवा," त्यांनी खोकं मास्तरांच्या पायाशी ठेवलं, "मुलीकडच्यांनी किती सोसायचं, काही मर्यादा? तेव्हा आठवड्याभरात साखरचं ऑपरेशन करणारच होते मी. तुमच्या चिरंजिवांना तेवढाही धीर नाही."

पहिल्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांचा बुवा नावाचा म्हातारा बोका, ऑपरेशन झालेला आणि स्वभावानं भिडस्त, आपल्याच खिडकीत बसला असताना मार खाऊन आला होता. "शेपटीच्या मुळाशी चावलाय. पू झाला, ताप आला, आता कपाटाखालून बाहेर येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि व्हायोलिनच्या पेटीवर पिचकारी मारून गेला ते वेगळंच. मुलं पेटी उघडतात आणि सूर लावायच्या आधी नाक धरतात."

चेअरमनचं गाऱ्हाणं त्यांच्या कुत्र्याचं होतं. टायगर अंगानं दांडगा होता, पण वळणावर बसलेल्या सेनापतीला ओलांडायची त्याची छाती होत नव्हती. त्याला रोज कडेवर घेऊन खाली न्यावं लागे, आणि चेअरमनची कंबर त्यांच्या पदाइतकी बळकट नव्हती.

तरीही चेअरमन न्यायी होते, म्हणजे त्यांना भांडण नको होतं. "हे बघा," ते म्हणाले, "प्रत्यक्ष करताना कुणीच पाहिलेलं नाही. तो गॅरेजमागचा पिवळाही अधूनमधून दिसतो. मास्तर, तुम्ही म्हणत असाल तर संशयाचा फायदा देता येईल."

खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. केमिस्टबाईसुद्धा खोक्याकडे बघून म्हणाल्या, "तशी पिल्लं पिवळीच आहेत म्हणा." मास्तरांच्या बायकोनं सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धाच सुटला असताना मास्तर उभे राहिले.

"संशय कसला?" ते म्हणाले. "रंग आजोळवर गेला असेल. पण नाकं बघा. आमच्या घराण्याची आहेत."

"अहो," बायको म्हणाली.

"अहो काय? उद्या म्हणाल, टायगरला त्या पिवळ्यानं घाबरवलं. सगळं जिथल्या तिथं राहू द्या. जे झालंय ते सेनापतीनं केलंय. दुसऱ्या कुणाची या इमारतीत तेवढी ताकद नाही."

यानंतर बैठकीला फारसं काम उरलं नाही. आरोपीच्या वकिलानंच इतका सज्जड पुरावा दिला होता की चेअरमनना दुसरं काही सुचेना. आठवड्याभरात सेनापतीचं ऑपरेशन, नाहीतर त्यानं इमारत सोडायची.

मास्तरांनी 'खच्चीकरण' हा शब्द आजवर फक्त वर्तमानपत्राच्या अग्रलेखात वाचला होता. तिथे ते कायम कुणाच्या तरी मनोधैर्याचं होत असे. आपल्या घरातल्याचं व्हायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. दवाखान्यात न्यायच्या टोपलीला त्यांनी बँडमास्तरच्या कोटाचं उरलेलं लाल अस्तर लावलं. "जाताना तरी इतमामानं जाऊ दे," ते म्हणाले. बायको त्यांच्याबरोबर निघाली. तिनं धीराचा एक शब्द काढला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सेनापतीला टेबलावर घेतलं, शेपटी वर केली, हातानं चाचपून पाहिलं, मग कान पाहिला आणि हातमोजे काढायला लागल्या.

"घाबरला का?" मास्तरांनी विचारलं. "जरा तापट आहे. दोघांनी धरावं लागेल."

"धरायचं कशाला? याचं ऑपरेशन झालंय की. तुमच्याकडे यायच्या कितीतरी आधी. रस्त्यावरच्या मांजरांचं केलं की कानाचं टोक कापून सोडतात, म्हणजे पुन्हा कुणी पकडून पोट फाडून बघत नाही."

"पण कान तर लढाईत..."

"कात्रीनं कापलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बघा ना, किती सरळ आहे."

ज्याचं आयुष्य कात्रीवर चाललं होतं त्या माणसानं वाकून ती कड पाहिली. सरळ होती. त्यांच्या दुकानातल्या कारागिरानं इतकी सरळ कापली असती तर त्यांनी त्याला शाबासकी दिली असती.

त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती लाल अस्तराची सुरकुती काढत होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात," ती म्हणाली. "आणि पिवळ्याचं नाव घ्या म्हणून सांगितलं होतं की."

डॉक्टरबाईंनी गॅरेजमागच्या पिवळ्याची चौकशी केली. गालफडं सुजलेली आहेत हे ऐकून त्या हसल्या. ती सूज नव्हे, म्हणाल्या, ऑपरेशन न झालेल्या बोक्याचे गाल तसेच भरतात. वासही त्याचा, पिल्लंही त्याचीच असणार. साखरला लवकर घेऊन या, पिल्लं अंगावर पीत असतानासुद्धा मांजर पुन्हा गाभण राहू शकते.

मास्तर खुर्चीत बसले. आपण खुर्चीत बसलोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "मग ह्या जखमा?" त्यांनी कसंबसं विचारलं. "नुसता मारच खात होता का हा?"

"मार खाल्लाय," डॉक्टरबाई सेनापतीच्या अंगावरचे केस बोटांनी फाकवत म्हणाल्या. त्या सावकाश डोक्यापासून शेपटीपर्यंत गेल्या, मग पुन्हा उलट आल्या. "पण गंमत आहे. पळणाऱ्या मांजराला मागून चावा बसतो, शेपटीच्या मुळाशी. याच्या सगळ्या जखमा तोंडावर नि पुढच्या पायांवर. मागे एकही नाही."

मास्तर उठले. दुरुस्तीला आलेली विजार बघावी तसा त्यांनी सेनापतीला स्वतःच्या हातांनी उलटा केला, झुपके बाजूला सारले, शेपटी उचलली आणि सभ्यपणा बाजूला ठेवून सगळं नीट पाहिलं. आत म्हणाल तर काही नव्हतं. आणि बुडावर एक साधा ओरखडाही नव्हता.

ते टोपली घेऊन घरी आले. दार लावल्यावर म्हणाले, "झालं ऑपरेशन, असं सांगून टाकू. खोटं नाही ते. आज झालं की आधी झालं, लोकांना काय करायचंय?"

"चालेल," बायको म्हणाली. "मग सगळ्यांना वाटेल, बोका निस्तरला. पिवळ्याला कुणी हात लावणार नाही. साखरला पुन्हा पिल्लं होतील, बुवा कपाटाखाली म्हातारा होईल."

"होईल तर होईल."

"आणि आपला?" तिनं टोपलीचं झाकण उघडलं. सेनापती उतरला, आळस देऊन सरळ दाराशी गेला आणि दार उघडायची वाट बघत बसला. बाहेर संध्याकाळ होत होती. "तो एकटाच जाणार ना त्या पिवळ्यासमोर. तुमचं नाव राखायला."

मास्तरांनी दाराशी बसलेल्या सेनापतीकडे पाहिलं. भुवईवरची जखम अजून ओली होती. मग त्यांनी खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि दार उघडलं. त्यांनी जिन्यातूनच सगळ्यांना हाका मारल्या. केमिस्टबाई आणि व्हायोलिनच्या बाई खालून आल्या, चेअरमन वरून, टायगरला कडेवर घेऊन.

"सेनापतीचं ऑपरेशन झालेलं आहे," मास्तरांनी खणखणीत आवाजात सांगितलं. "आज नाही. माझ्याकडे यायच्या आधीच. बैठकीत मी जे बोललो ते सगळं खोटं."

केमिस्टबाई दोन पायऱ्या वर चढल्या.

"म्हणजे तुम्ही आमचे व्याही नाहीच?" केमिस्टबाईंनी विचारलं.

"नाही."

"आणि ते घराण्याचं नाक?"

"नाकाबद्दलचे शब्द मी मागे घेतो."

"मग इतके दिवस जखमा कसल्या होत्या?" चेअरमन म्हणाले.

मास्तर याच प्रश्नाची वाट बघत होते. "चेअरमनसाहेब, तुमच्या मजल्यावर कधी वास आला?"

चेअरमननी विचार केला. "नाही बुवा. मला वाटायचं, उंचीमुळे."

"तळमजल्यावर आला, पहिल्यावर आला. या वळणाच्या वर एकही दार भिजलेलं नाही. का, तर इथे हा बसतो." त्यांनी सेनापतीला उचललं आणि सगळ्यांसमोर उलटा धरला. सेनापतीला ते आवडलं नाही, पण त्यानं सहन केलं. "पिवळा पुरा बोका. हा असा. तरी रोज त्याच्यासमोर उभा राहिला. तोंडावर बघा, पंजे बघा. आता मागे बघा. दिसतंय काही?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. काहीच दिसत नव्हतं, आणि या इमारतीत काही नसण्याचा इतका अभिमान आजवर कुणी मिरवला नव्हता.

"माझा बुवा पळाला होता," व्हायोलिनच्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी हात पुढे करून सेनापतीच्या त्या सरळ कापलेल्या कानावरून बोट फिरवलं.

पिवळ्याला पकडायला डॉक्टरबाईंनी पिंजरा दिला. डबाबंद मासळीच्या वासानं तो दुसऱ्याच दिवशी आत शिरला, आणि दवाखान्यातून परतला तो डाव्या कानाचं टोक ठेवून. साखरचंही झालं. वास काही लगेच गेला नाही. जुन्या दारांत तो मुरलेला होता, पण नवा आला नाही. बुवा कपाटाखालून निघून पुन्हा खिडकीत बसू लागला. खोक्यातलं एक पिल्लू केमिस्टबाईंनी मास्तरांच्या घरी आणून सोडलं, "नातं नसलं तरी," म्हणून. टायगर मात्र अजून कडेवरूनच खाली जातो.

परवा बँकेचा एक नवा पहारेकरी मापाला आला. गोंड्यांच्या ढिगावर झोपलेल्या सेनापतीकडे बघून त्यानं कानाचं विचारलं, आणि मास्तरांनी काही न लपवता सगळं सांगितलं, कात्रीसकट. आत काजं करणाऱ्या बायकोनं मान वर करून ऐकलं. या गोष्टीत एक इंचही वाढवलेला नव्हता.

पहारेकरी हसला. "ऑपरेशन झालेला बोका? मग लढायचा कसा हो?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

"समोरून," ते म्हणाले. "हात वर करा."