‘गो’ची कैफियत

मी ‘गो’ बोलतोय. कोकणात बायका एकमेकींना लाडाने म्हणतात तो ‘गो’ नव्हे. तुमच्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकात पहिल्या पानापासून ठाण मांडून बसलेला, जी-ओ ‘गो’. गो म्हणजे जाणे. अर्थ एवढाच असता तर हे रडगाणं घेऊन मी तुमच्यापुढे आलोच नसतो.

माझी जन्मतारीख विचारू नका, मलाही ठाऊक नाही. इंग्रजीच्या घरात मी अगदी सुरुवातीपासून आहे, पण घरच्यांनी माझं धड काही ठेवलं नाही. साधा भूतकाळ घ्या. इतरांना ‘एड’ची शेपटी लागते तशी मलाही लागून ‘गोड’ व्हायला हवं होतं की नाही? लहान मुलं बिचारी तसंच म्हणतात आणि दटावणी खातात. ‘गोड’ किती गोड झालं असतं! पण नाही. ‘वेंड’ नावाच्या शेजारच्या क्रियापदाच्या अंगावरचं ‘वेंट’ उतरवलं आणि माझ्या अंगात घातलं. तेव्हापासून काल जिथे जिथे गेलो, तिथे उसन्या कपड्यात गेलो.

बरं, त्या घरात प्रवासाला शब्द कमी आहेत का? समुद्रावरून निघालं की व्हॉयेज. ठिकाणं बघत हिंडलं की टूर. जरा कुठे जाऊन आलं की ट्रिप, आणि पाय अडखळून तोंडावर पडलं तरी तीच ट्रिप! जर्नी म्हणजे एके काळी फक्त दिवसभराची वाटचाल. आता कोणी वजन उतरवायला घेतलं की तिचीही जर्नी सुरू होते, बाई खुर्चीतून हललेली नसते. ट्रॅव्हलच्या पूर्वजांचा अर्थ होता कष्ट, हालअपेष्टा. आज तो काळा चष्मा लावून मिरवतो. अशी ही बडी मंडळी. पण स्वतःच्या पायांनी चालतील तर शपथ! गो ऑन अ टूर, गो ऑन अ ट्रिप. सामान त्यांचं, हमाल मी.

प्रवासापुरतं ओझं असतं तरी सोसलं असतं. दूध नासलं की ‘गो बॅड’, बोलवा मला. टक्कल पडलं, बोलवा मला. कोणाचं डोकं फिरलं, मीच. घरातल्या बाईला नुसता स्वयंपाक करायचा असला तरी ‘आय ॲम गोइंग टू कुक’. अहो, जातेय कुठे ती? ओट्यापाशीच तर उभी आहे!

असा उठल्याबसल्या राबवला जाणारा मी. आणि मला भेटल्या काकू, ज्यांनी मला तोंडातच घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

शिवणाच्या दुकानाच्या माडीवर एक खोली आहे. पांढरा फळा, डुगडुगणाऱ्या खुर्च्या आणि खालून शिलाई मशीनची घरघर. मुलांकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांना टीचरबाई तिथे कामापुरतं इंग्रजी शिकवतात. काकूंची लेक दूर देशात होती आणि तिला दिवस राहिले होते. बाळंतपणाला आई हवी. पण तिथे जायची परवानगी देणारा साहेब काचेमागे बसून इंग्रजीत प्रश्न विचारतो. उत्तरं त्याला पटली नाहीत, तर लेक तिकडे एकटीच पडणार. म्हणून काकू संसारातून वेळ काढून वही-पेन घेऊन आल्या.

“काकू, रिकामी जागा भरा. आय, डॅश, टू द मार्केट,” टीचरबाई म्हणाल्या.

मी तयारच होतो. माझं तर घरच ते!

काकूंनी कपाळाला आठी घातली. “आय कम फ्रॉम द मार्केट.”

“अहो, पण आधी जाल तेव्हा याल ना?”

“आलेच की बाई मी. ही बघा पिशवी.”

वर्ग हसला. मी डोक्याला हात लावला. काकू बँकेतून आल्या, डॉक्टरांकडून आल्या, बहिणीकडून आल्या. निघाल्या कधी, ते त्यांच्या देवालाच ठाऊक.

घरी काकांनी साहेबाची नक्कल सुरू केली. नाकावर चष्मा उतरवून ते टेबलामागे बसले.

“व्हेअर आर यू गोइंग?”

“आय ॲम कमिंग टू माय डॉटर.”

“कमिंग नाही गं, गोइंग! कमिंग म्हणजे येणं.”

“मग येतेच आहे. फोनवर तिला काय सांगितलंय मी? येते म्हणून. आता तुमच्या साहेबासाठी शब्द फिरवू?”

“साहेब हाकलून देईल तुला.”

“तुम्ही लग्नापासून हाकलताय. हलले का मी?”

काका हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, “चेष्टा पुरे. एक शब्द अडला म्हणून पोरगी तिकडे एकटी राहायची. नुसतं म्हणायला काय होतं तुला?”

काकू हातातल्या फडक्याची घडी करत राहिल्या. मग हळूच बोलल्या, “मागच्या बाळाच्या वेळी तिचा फोन आला, तेव्हा काय म्हणाली ती?”

“‘आई, गेलं गं,’ एवढंच,” काका पुटपुटले.

“दुसरं काही बोलताच आलं नाही तिला. त्याच दिवशी देवापुढे बोललेय मी. तिचं बाळ सुखरूप हातात येईपर्यंत तो शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही.”

“अगं, पण हे इंग्रजी आहे.”

“देवाला इंग्रजी येत नाही, असं वाटतं का तुम्हाला?”

काकांनी चष्मा पुसायला घेतला. मला मात्र राग आला हो! मी काय कोणाचं बाळ नेलं होतं? मग आठवलं, इंग्रजीतही माणूस निवर्तला की ‘गॉन’ म्हणतात, आणि ते ‘गॉन’ माझंच. कोणाच्या मरणालाही मलाच पुढे करतात, आणि दारात नको असतो तोही मीच!

मुलाखतीचा दिवस आला. वकिलातीतलं मोठं दालन, ओळीने काचेच्या खिडक्या. काकू पदर सावरून आपल्या खिडकीशी उभ्या राहिल्या. काका मागे बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसले.

“व्हाय आर यू गोइंग?” साहेबाने विचारलं.

“डॉटर. बेबी कमिंग. आय ऑल्सो कमिंग.”

साहेबाने मान वर केली. “अँड आफ्टर दॅट?”

“कम बॅक. हजबंड हिअर. ही कॅनॉट फाइंड शुगर.”

साहेबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो बराच वेळ संगणकावर टकटक करत राहिला. मग कागद एका बाजूला सारून म्हणाला, “ओके. यू मे गो.”

झालं! आता याचा अर्थ काय लावायचा? ‘खुशाल जा लेकीकडे’ असाही होतो, आणि ‘चला, बाजूला व्हा’ असाही. लेकीचं दार उघडलं की तोंडावर आपटलं, सगळं माझ्यावर टांगून तो मोकळा झाला. मला तर जीव नकोसा झाला. परवानगीलाही मी, हाकलायलाही मी! या भाषेत दोन कामांना दोन माणसं मिळत नाहीत का?

काकूंनी काचेखालची फळी घट्ट धरली. मागून रांगेतला माणूस खाकरला. विचारायला तर हवं होतं, आणि विचारायचं तर मला घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी त्यांच्या जिभेच्या टोकाशी आलो. बोला काकू, एकदाच. देव समजून घेईल. त्यांचे ओठ माझ्यासाठी गोलही झाले. मग त्यांनी ते मिटले. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ काही उघडले नाहीत. गिळलं त्यांनी मला.

“सर,” त्या अखेर म्हणाल्या, “मे आय कम?”

“कम व्हेअर?”

“माय डॉटर.”

साहेबाने तळहाताचं विमान केलं आणि ते काचेवरून वर, छताकडे उडवलं. “येस, मॅडम. येस.”

एवढी शब्दांनी भरलेली भाषा, आणि शेवटी कामाला आला हात! काकू बाकाकडे वळल्या तेव्हा काकांनी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि नाक पुसायला रुमाल शोधू लागले.

काकू वेळेत पोचल्या. मुलगी झाली. नर्सने ती दुपट्यात गुंडाळून काकूंच्या हातात दिली, तेव्हा तिच्या रडण्याने खोली दणाणत होती. काकूंनी तिला कपाळाशी धरलं. नेम पुरा झाला. आता त्या मला हवं तेवढं वापरू शकत होत्या. मी वाट पाहिली, पण त्यांच्या लक्षातही आलं नाही.

महिने सरले आणि काकूंच्या परतीचा दिवस उजाडला. दाराशी बॅगा, खाली गाडी. लेकीने बाळाची इवलीशी मूठ धरून हलवली. “से बाय-बाय. आजी इज गोइंग.”

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. “अगं, हे आधी नको शिकवूस तिला.”

“आई, झाला ना तुझा नेम पुरा!”

“माझा झाला. पण तिचं तोंड आता उघडणार आहे. आधी हात पसरून ‘ये’ म्हणायला शिकव. दुसरं शिकवायला सगळं जग बसलंय.”

लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला. कचेरीत दिवसभर माझ्यावाचून जिचं पान हलत नाही, ती बाळाला आईच्या खांद्याशी नेऊन म्हणाली, “ये हं आई.”

एरवी मी चिडलो असतो. पण त्या दारात मला पहिल्यांदा हायसं वाटलं. एक तोंड अजून कोरं होतं आणि तिथे मला कोणी राबवणार नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगतो. तुमच्या घरातल्या लहानग्यांनाही मी जरा उशिराच द्या. आधी ‘ये’ होऊ द्या, ‘बस’ होऊ द्या, ‘खा’ होऊ द्या. माझी काळजी करू नका. मी कुठे जात नाही.